सातासमुद्रापारचे दत्तविधान

दत्तक म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते ते चार जाणत्या माणसांदेखत झालेले देणे-घेणे. जन्मदात्यांनी मूल दुसऱ्याच्या मांडीवर द्यायचे, भाऊबंदांनी पेढे खायचे, आणि पुढे तंटा निघालाच तर याच पेढे खाणाऱ्यांनी साक्षीला उभे राहायचे! १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानेही होम सक्तीचा ठेवला नाही. प्रत्यक्ष देण्याघेण्यालाच महत्त्व दिले.

पण मूल पुण्याच्या अनाथालयातले आणि घेणारे जोडपे स्वीडनचे, तर साक्षीला कोण यावे? माझ्या मते परदेशी दत्तकाच्या कागदांचा सारा इतिहास या एका प्रश्नातून निघाला आहे.

तो कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांच्यापुरताच. ख्रिस्ती परदेशीयाला १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचा आडरस्ता धरावा लागे. न्यायालय त्याला बाप करीत नसे. नुसता पालक नेमी. शाळेच्या दाखल्यावर ‘पालकाचे नाव’ हा रकाना मी रोज भरतो. पण एवढ्या रकान्याच्या आधारावर एखादे लेकरू समुद्रापलीकडे जाई, हे वाचले तेव्हा हात थबकला. सर्वांसाठी एकच दत्तक कायदा करणारे विधेयक १९७२ मध्ये आले आणि विरोधापुढे १९७८ मध्ये मागे गेले.

अशात १९८२ मध्ये लक्ष्मीकांत पांडे या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. दत्तकाच्या नावाखाली मुले परदेशी धाडणाऱ्या संस्थांबद्दलची ती तक्रार होती. न्यायालयाने पत्रालाच अर्ज मानले, आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजी न्यायमूर्ती भगवतींनी जो निकाल दिला तो वाचताना वाटते, एखादी दक्ष आजीच नातीचे स्थळ पाहते आहे! घराची पाहणी केल्याचा अहवाल आणा, लग्नाचा दाखला आणा, प्रकृती कशी ते सांगा, धनी काय पगार देतो, प्राप्तिकर किती भरता, बँकेत पत कशी, सारे दाखवा. त्यावर तिकडच्या नोटरीची सही, आणि त्या सहीवर आपल्या वकिलातीचा शिक्का. जन्मदात्या आईला मन बदलायला तीन महिने द्यायचे. अर्जाची नोटीस वर्तमानपत्रात छापायची नाही, सुनावणी बंद दाराआड. मूल कुणाकडे गेले हे गावभर व्हायला नको, ही केवढी समज!

पैशाचेही तसेच. मूल निवडल्यापासून ते निघेपर्यंतचा पोटापाण्याचा खर्च दिवसाला ६० रुपयांपेक्षा अधिक नको; कोर्ट, पासपोर्ट, जाण्यायेण्याचा खर्च मिळून ६,००० च्या आत. खर्च घ्यावा, किंमत घेऊ नये, एवढाच त्यातला अर्थ. पुढे २०१७ च्या नियमावलीत परदेशी पालकांसाठी हा आकडा ५,००० डॉलर झाला.

सर्वांत मोलाची अट मात्र शेवटची. मूल पोहोचल्यावर दोन वर्षांत तिकडे रीतसर दत्तक घ्यायचे. आणि पहिली दोन वर्षे दर तीन महिन्यांनी, नंतरची तीन वर्षे दर सहा महिन्यांनी मुलाचा अहवाल पाठवायचा, सोबत छायाचित्र. हिशेब केला तर चौदा अहवाल होतात. अहवाल उशिरा आला तर कुणीतरी विचारावे, अशी ती सोय. नुसता एक कागद राहिला तर काय होते, ते अमेरिकेत दिसले. तेथे २००० च्या कायद्याने परदेशातून दत्तक आलेल्या मुलांना आपोआप नागरिकत्व मिळू लागले. पण तो अमलात आला त्या दिवशी ज्यांची अठरा वर्षे उलटली होती, ते वगळले गेले. आईबापांनी वेळेवर अर्ज केला नाही, एवढ्यावरून वाढलेल्या देशातच कित्येक परके ठरले.

१९९० मध्ये दिल्लीत ‘कारा’ ही मध्यवर्ती संस्था उभी राहिली, २००३ मध्ये भारताने हेगच्या कराराला मान्यता दिली, आणि बालन्याय कायद्याने परदेशीयालाही इथेच आईबाप होता येऊ लागले. २०२२ पासून दत्तकाचा हुकूम न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

आता तीसचाळीस वर्षांपूर्वी गेलेली मुले परत येतात, मराठीचा एक शब्द न येणारी. नियमांनी त्यांना आपले मूळ शोधण्याची मुभा दिली आहे. संस्थेतला कारकून कपाट उघडून पिवळी पडलेली फाईल काढतो. पण जन्मदात्या आईची संमती नसेल, तर तिचे नाव त्यांना सांगितले जात नाही.