श्रीरामपूरची डोरोथी

मराठीचे छापील व्याकरण १८०५ मध्ये बाहेर पडले, ते बंगालमधील श्रीरामपूरहून. कर्ते विल्यम कॅरी. त्यांच्याविषयी आपण पुष्कळ ऐकतो. मला आज त्यांच्या पत्नीविषयी, डोरोथीविषयी बोलायचे आहे.

१७८१ मध्ये लग्नाच्या नोंदवहीत सहीऐवजी फुली मारणाऱ्या या बाईला इंग्लंड सोडायचेच नव्हते. ती गरोदर होती. जहाज लांबले, तेवढ्यात बाळ जन्मले, आणि सख्खी बहीण सोबत येणार म्हणून ती तयार झाली. जून १७९३ मध्ये तान्ह्या जाबेझसह चार मुलगे घेऊन हे कुटुंब निघाले आणि नोव्हेंबरात कलकत्त्याला पोचले.

पैसे लवकरच संपले. १७९४ मध्ये कॅरींना माल्दा परिसरात मदनाबाटीच्या नीळ कारखान्यात नोकरी मिळाली. पोटापाण्याची सोय झाली. पण त्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर दगावला. डोरोथीचे मन पुन्हा थाऱ्यावर आले नाही.

१८०० मध्ये बिऱ्हाड श्रीरामपूरला हलले. कॅरी फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवू लागले, पंडित वैजनाथांच्या मदतीने मराठीचा अभ्यास करू लागले. व्याकरण तयार होत होते, तेव्हा घरात डोरोथी भ्रमिष्ट अवस्थेत होती. डिसेंबर १८०७ मध्ये ती वारली. १८१० मध्ये कॅरींचा मराठी कोश मोडी लिपीत निघाला.

कॅरींचे ऋण मी मानतोच. पण मिशनकार्याचा निर्णय नवऱ्याचा होता आणि त्याची किंमत बायकोनेही चुकवली, हेही मराठीच्या इतिहासात नोंदवायला हवे, असे मला वाटते.