त्यागराजांचे नवे पद आणि त्याचे पहिले श्रोते

आवडत्या गायकाचे नवे गाणे आले की त्याचे चाहते ते पुन्हा पुन्हा ऐकतात, जुन्या गाण्यांशी ताडून पाहतात आणि वाद घालतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिरुवैयारूमध्ये पुन्हा ऐकण्याची सोय नव्हती. त्यागराजांनी (१७६७–१८४७) नवे पद म्हटले की समोर बसलेल्यांनी ते तिथेच मनात धरायचे. आज त्यांची सुमारे सातशे पदे आपल्या हाती आहेत, ती या धरून ठेवण्यामुळेच.

तिरुवैयारूपासून तंजावर दहा-बारा किलोमीटरवर. तिथे व्यंकोजींच्या वंशजांचे, म्हणजे भोसल्यांचे, राज्य. हे राजे मराठी, पण गाण्यासाठी तेलुगूचा मान त्यांनी राखला होता. शहाजीराजांनी (१६८४–१७१२) स्वतः तेलुगूत नाट्यप्रबंध रचले. त्यागराजांचे गुरू सोंटी वेंकटरमणय्या तंजावर दरबारचे गायक होते. तेव्हा नव्या पदाचा पहिला श्रोता राजा असायला हवा होता. तसे झाले नाही. सरफोजीराजांनी बोलावणे पाठवले, ते त्यागराजांनी नाकारले आणि धन श्रेष्ठ की रामसेवा, असे विचारणारे कल्याणी रागातले पद त्या वेळी रचले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा भाग सोडला तरी एवढे खरे, की त्यांनी दरबारची चाकरी पत्करली नाही. आपल्याकडच्या माधुकरीसारख्या उंछवृत्तीवर त्यांचा संसार चाले. रामनाम गात ते गल्लीतून जात, त्यामुळे त्यांचे गाणे राजाआधी दारात तांदूळ घेऊन उभ्या असलेल्या बाईच्या कानी पडे.

नवे पद खऱ्या अर्थाने ताब्यात घेतले ते शिष्यांनी. त्यांच्या तीन शाखा प्रसिद्ध आहेत : वालाजापेट, उमयाळपुरम आणि जवळच्याच तिल्लैस्थानमची. वालाजापेटचे वेंकटरमण भागवतर हे सौराष्ट्र समाजातले. गुरूंची पदे त्यांनी लिहून काढली. त्या घराण्याच्या हस्तलिखितांचा संग्रह मदुराईच्या सौराष्ट्र सभेकडे आहे. त्यांचे पुत्र कृष्णस्वामी भागवतर यांनी त्यागराजांचे चरित्र लिहिले. पुढे चिन्नस्वामी मुदलियार यांनी पाश्चात्त्य स्वरलिपीत काही पदे छापली, तीही याच घराण्याच्या मदतीने.

पण तीन शाखा म्हणजे तीन पाठ. एकच ओळ पायरीपायरीने खुलवत नेणे याला कर्नाटक संगीतात संगती म्हणतात. एका शाखेत एखाद्या ओळीच्या संगती थोड्या, तर दुसरीत पुष्कळ. त्यांतल्या गुरूंच्या किती आणि नंतरच्या गायकांनी भर घातलेल्या किती, हा वाद अजून मिटलेला नाही. याला नुसती बेफिकिरी म्हणता येणार नाही. ज्याला पद फार आवडते, त्याच्या गळ्यात ते वाढतेच.

ऐकणाऱ्याचा मान त्यागराजांनीही राखला. केरळातून षट्काल गोविंद मारार आले आणि त्यांनी जयदेवांची अष्टपदी सहा लयींत गायली. ते ऐकून थोरामोठ्यांना वंदन करणारे श्रीरागातले पद त्यागराजांनी तिथेच रचले, असे कुणी सांगतात. पद आधीचेच होते, त्या वेळी शिष्यांकडून गाऊन घेतले, असे दुसरे सांगतात. दोन्ही कथांत गुरू आधी श्रोता आहे. ‘प्रह्लाद भक्ति विजयम्’ या नाटकाच्या आरंभी त्यांनी ज्यांना वंदन केले, त्यांत ज्ञानदेव, नामदेव आणि तुकारामही आहेत. आमच्या संतांची कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचली होती.

पुढे त्याची फेड झाली, असे म्हणता येईल. संस्थान खालसा झाल्यावर रामचंद्रबुवा मोरगावकर मराठी कीर्तन घेऊन तंजावरला आले. ते ऐकून तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी (१८४१–१९०३) साकी, दिंडी, ओवी उचलल्या आणि आपल्या हरिकथेत त्यागराजांच्या पदांशेजारी बसवल्या. ज्या गाण्याने मराठी दरबार टाळला, ते मराठी वृत्तांच्या सोबतीने देवळांच्या मंडपांत गेले. हरिकथेला बसणाऱ्या माणसाला राग ओळखता येत नसेल, पण कथा कळत होती आणि कथेबरोबर पद त्याच्या घरी जात होते.

पौष वद्य पंचमीला तिरुवैयारूत आराधना होते. कावेरीकाठच्या समाधीवर मंदिर उभे केले बंगळूर नागरत्नम्मांनी. त्या देवदासी समाजातल्या. स्त्रियांना तिथे गायला मिळावे म्हणून त्यांना झगडावे लागले. १९४०च्या सुमारास सर्वांनी मिळून पंचरत्न कृती गाण्याची प्रथा पडली. शेकडो गळे एकत्र गातात, तेव्हा पाठ एकच हवा; शाखाशाखांचे फरक तेवढा वेळ बाजूला ठेवावे लागतात. त्यात काही हरवते, हे खरे. पण समाधीसमोर बसलेल्या त्या गर्दीत गाणारे कोण आणि ऐकणारे कोण, हे वेगळे काढता येत नाही. त्यागराजांच्या ओसरीवर नवे पद उमटत होते, तेव्हाही ते तसेच असले पाहिजे.