१:७२ चं गणित

विमानांची मॉडेल्स बनवणाऱ्यांना १:७२ हा आकडा तोंडपाठ असतो. मीही दर वीकेंडला त्याच नादात. पण हा ७२ आला कुठून? सोप्पं आहे: १ इंच म्हणजे ६ फूट. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकातच हे प्रमाण रुळलं होतं.

त्याचा खरा उपयोग झाला तो मात्र युद्धात. १९४२ साली अमेरिकन नौदलाने शाळकरी पोरांकडे चक्क ५ लाख लाकडी विमानं मागितली! खेळायला नव्हे हो. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं, हे सैनिकांना झटकन ओळखता यावं म्हणून. इथे चूक म्हणजे आपल्याच वैमानिकाचा जीव.

आता गणित बघा. ३५ फुटांवरचं मॉडेल ३५ गुणिले ७२, म्हणजे २५२० फुटांवरच्या, जवळपास अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं. आणि रंग? नुसता काळा. दुरून दिसते ती फक्त आकृती!

आज आपण भिंग लावून कॉकपिटमधली बटणं रंगवतो. जरूर रंगवा. पण त्याआधी मॉडेल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून एकदा बघा. तिथून विमान ओळखू आलं नाही, तर बाकीची मेहनत पाण्यात.