फाइल डिस्क्रिप्टर : पूर्णांकापासून स्वामित्वदर्शक प्रकारापर्यंत

बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून विकसित केलेल्या युनिक्स कार्यप्रणालीत उघडलेल्या फाइलची ओळख म्हणजे एक लहान पूर्णांक होता. ही योजना सुटसुटीत होती; परंतु तीत एक दोष दडलेला होता. फाइल बंद होताच तिचा क्रमांक मोकळा होतो व पुढे उघडणाऱ्या फाइलला उपलब्ध असलेला सर्वांत लहान क्रमांक मिळतो. परिणामी जुना क्रमांक बाळगणारी आज्ञावली एका फाइलचा मजकूर नकळत दुसरीत लिहू शकते. 'सी' भाषेच्या कंपायलरला हा दोष दिसत नाही; कारण त्याच्या लेखी फाइलचा क्रमांक आणि कोणतीही गणती हे दोन्ही पूर्णांकच होत.

२०१५ मध्ये १.० आवृत्ती आलेल्या रस्ट भाषेतही प्रारंभी 'रॉ-एफडी' हे त्याच पूर्णांकाचे दुसरे नाव होते. ऑगस्ट २०२२ मधील १.६३ आवृत्तीत 'ओन्ड-एफडी' व 'बॉरोड-एफडी' हे स्वतंत्र प्रकार आले. पहिल्याकडे फाइलचे स्वामित्व व ती बंद करण्याची जबाबदारी असते. दुसऱ्यास मुदतीपुरता वापर करता येतो व ती मुदत कंपायलर तपासतो.

कार्यप्रणालीच्या गाभ्यापर्यंत आजही पूर्णांकच पोहोचतो. तथापि, प्रोग्रामरच्या स्मरणावर असलेला दक्षतेचा मोठा भार आता भाषेच्या नियमांनी उचलला आहे, हेच या स्थित्यंतराचे ऐतिहासिक महत्त्व होय.