एका माणसाची कंपनी

भागीदारीची पेढी आणि मर्यादित कंपनी यांतील खरा भेद नफ्याच्या दिवसांत दिसत नाही. तो दिवाळे निघाल्यावर दिसतो. पेढी बुडाली की धनको भागीदाराच्या घरादारापर्यंत पोहोचतो. कंपनीच्या भागधारकाने मात्र आपल्या भागांची रक्कम एकदा चुकती केली की त्याचे दायित्व संपते. कारण कर्ज त्याचे नसते, कंपनीचे असते. पाठ्यपुस्तके चार ओळींत उरकतात ते हे तत्त्व पक्के झाले, ते लंडनमधील एका बूट-कारखानदाराच्या दिवाळ्यातून.

व्हाइटचॅपलच्या अ‍ॅरन सॉलोमन यांनी १८९२ मध्ये आपला चालता धंदा स्वतःच स्थापलेल्या मर्यादित कंपनीला विकला. १८६२ च्या कायद्यानुसार सात सभासद आवश्यक होते. स्वतः सॉलोमन, पत्नी, एक कन्या आणि चार पुत्र अशी ती संख्या भरली. सहा जणांकडे प्रत्येकी एक भाग होता, सॉलोमनकडे २०,००१. शिवाय किमतीपोटी त्यांनी १०,००० पौंडांचे कर्जरोखे घेतले. त्यांना कंपनीची मालमत्ता तारण होती.

पुढे मंदी आली, संप झाले. सॉलोमननी आपले रोखे गहाण टाकून कंपनीत पैसा ओतला. तरी १८९३ मध्ये ती बुडाली. रोख्यांचे देणे फेडल्यावर विनातारण उधारी देणाऱ्यांना काहीच उरत नव्हते. ‘कंपनी म्हणजे सॉलोमनच, तेव्हा त्यांनीच भरपाई करावी,’ असा अवसायकाचा दावा होता. खालच्या दोन्ही न्यायालयांनी तो मान्य केला. निर्धन झालेले सॉलोमन हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे गेले, आणि नोव्हेंबर १८९६ मध्ये तेथे निकाल एकमताने फिरला. नोंदणी झाली की कंपनी ही सभासदांहून वेगळी व्यक्ती ठरते. सभासद परस्परांचे नातलग आहेत की नाहीत, हे कायदा विचारीत नाही.

तर्क निर्दोष होता, पण उधारी देणारे रित्या हातांनीच परतले. ज्यांना व्यक्तीशी नव्हे तर कंपनीशी व्यवहार करीत असल्याची कल्पना होती, त्यांनी दोष स्वतःलाच द्यावा, असे लॉर्ड मॅकनॉटन यांचे म्हणणे. मात्र रोखेधारक येऊन सारेच उचलून नेतात ही स्थिती लाजिरवाणी आहे, हेही त्यांनीच नोंदविले. १८९७ च्या इंग्लिश कायद्याने कामगारांचे थकलेले वेतन आणि काही करांना अशा तारणाआधी स्थान दिले. माल पुरविणारा मागेच राहिला.

या वेगळेपणालाही सीमा आहेत. सर दिनशॉ माणेकजी पेटिट यांनी प्राप्तिकर वाचविण्यासाठी चार खासगी कंपन्या काढल्या. गुंतवणुकीचे उत्पन्न त्यांच्या नावे जमा होई आणि कर्जाच्या रूपाने पेटिटांकडेच परत येई. १९२७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा पडदा दूर सारला. म्हणजे सरकारी तिजोरी बुडू लागली, तेव्हा न्यायालयाला कंपनीमागचा माणूस दिसला.

भारतात २०१३ च्या कायद्याने एका व्यक्तीच्या कंपनीला उघड मान्यता दिली. सॉलोमनना सहा नावे जमवावी लागली होती, आता त्याचीही गरज नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत मात्र कंपनीच्या अवसायनात विनातारण माल देणारा पुरवठादार आजही तारणधारक आणि कामगार यांच्या मागेच उभा आहे. मर्यादित दायित्वाने धोका नाहीसा होत नाही. तो तारण मागण्याची ताकद नसलेल्याच्या खात्यावर जातो. कंपनी कायद्याच्या इतिहासात सॉलोमनचे नाव राहिले; त्यांच्या कंपनीला उधारीवर माल देणाऱ्यांची नावे कोणी लक्षात ठेवली नाहीत.