दरडीच्या धोक्याचे मूल्यमापन

डोंगरउतारावरून माती, मुरूम व खडक घसरून येण्याची शक्यता आणि त्यामुळे होऊ शकणारी हानी यांचा आगाऊ अंदाज घेण्याच्या प्रक्रियेस दरडीच्या धोक्याचे मूल्यमापन असे म्हणतात. बर्फाच्छादित प्रदेशात स्की करणाऱ्यांना हिमस्खलनाचा अंदाज जसा आवश्यक असतो, तसाच महाराष्ट्रात घाटरस्ते, डोंगरपायथ्याच्या वस्त्या आणि पावसाळी पदभ्रमण यांसाठी हा अंदाज आवश्यक ठरतो.

कारणे
दख्खनच्या पठारावरील बेसाल्ट खडकाचा वरचा भाग झिजून त्याचा मुरूम व माती बनते. सततच्या पावसाचे पाणी या थरात मुरते आणि खालच्या कठीण खडकापाशी अडते. कणांमधील पाण्याचा दाब वाढल्याने घर्षण कमी होते व वरचा थर सुटतो. रस्त्यासाठी उताराचा पायथा तोडणे, वृक्षतोड आणि पाण्याच्या नैसर्गिक वाटा बुजवणे यांमुळे धोका वाढतो. हिमस्खलनातही वरचा बर्फ खालच्या कमकुवत थरावरून सुटतो. असे स्खलन प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होते.

पद्धती
उताराचा कोन, खडकाचा प्रकार, मातीची जाडी, जमिनीचा वापर आणि पूर्वी कोसळलेल्या दरडी यांच्या आधारे दरडप्रवणतेचे नकाशे तयार केले जातात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण (स्थापना १८५१) ही संस्था १:५०,००० या प्रमाणावर असे नकाशे तयार करते. नकाशावरून धोक्याचे ठिकाण कळते. वेळेचा अंदाज मात्र पावसावरून बांधावा लागतो. त्यासाठी भारतीय हवामान विभागाचे पिवळा, नारिंगी व लाल हे इशारे आणि मागील काही दिवसांचा एकूण पाऊस विचारात घेतला जातो.

प्रत्यक्ष पाहणीत पुढील लक्षणे महत्त्वाची मानली जातात:
• जमिनीला किंवा भिंतींना नव्याने पडलेल्या भेगा
• झाडे वा विजेचे खांब कलणे
• झऱ्याचे पाणी अचानक गढूळ होणे किंवा ओढ्याचा प्रवाह एकाएकी घटणे
• उतारावरून लहान दगड सतत घरंगळणे

अजिंठा डोंगररांग
सिल्लोड तालुक्याच्या उत्तरेस अजिंठ्याची डोंगररांग आहे. छत्रपती संभाजीनगर–जळगाव मार्ग सिल्लोड व अजिंठा या गावांवरून पुढे घाटाने फर्दापूरकडे उतरतो. याच रांगेतील कन्नड (औट्रम) घाटात ३१ ऑगस्ट २०२१ रोजी अतिवृष्टीमुळे दरडी कोसळून धुळ्याकडील वाहतूक बंद पडली होती.

प्रमुख दुर्घटना
• माळीण (आंबेगाव तालुका, पुणे जिल्हा), ३० जुलै २०१४ : १५१ मृत्यू. गाव दिसत नसल्याचे प्रथम एका एसटी चालकाच्या लक्षात आले.
• तळिये (महाड तालुका, रायगड जिल्हा), २२ जुलै २०२१ : ८० हून अधिक मृत्यू.
• इर्शाळवाडी (खालापूर तालुका, रायगड जिल्हा), १९ जुलै २०२३ : २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले.

मर्यादा
इर्शाळवाडीचा समावेश दरडप्रवण गावांच्या शासकीय यादीत नव्हता. त्यामुळे यादीत नाव नसणे हा सुरक्षिततेचा पुरावा मानता येत नाही. वरील लक्षणे दिसताच, विशेषतः रात्री मुसळधार पाऊस सुरू असताना, उताराखालील घरे सोडून उतारापासून व ओढ्याच्या पात्रापासून दूर जाणे हाच जीवितहानी टाळण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय ठरतो.