बाल पेशव्यांचें हजारी कारंजें

श्रोतेहो, प्लॅस्टिकची एक लांब नळी घ्यावी, तिला बारीक भोंकें पाडावीं, एक टोंक बुचानें बंद करावें व दुसरें तोटीला जोडावें, कीं अंगणांत मुलांसाठीं कारंजें तयार होतें. खर्च थोडा व आनंद फार. या साध्या खेळण्याचा एक राजेशाही पूर्वज आपल्या पुण्यांतच, शनवारवाड्यांत आहे. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

सवाई माधवराव १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदर किल्ल्यावर जन्मले. वडील नारायणराव यांचा खून आदल्या वर्षीं, ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, शनवारवाड्यांत झाला होता. त्यामुळें पाळण्यांतच या बालकाला पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. त्यांच्या मनोरंजनासाठीं वाड्यांत सोळा पाकळ्यांच्या कमळाचें एक कारंजें बांधण्यांत आलें. पाकळ्यापाकळ्यांतून अनेक धारा उडत, म्हणून त्याला 'हजारी' हें नांव पडलें.

त्या काळीं पंप नव्हता कीं वीज नव्हती. मग पाणी उडे कसें? कारंज्याचा मूळ नियम एकच: पाण्याचा सांठा धारेच्या तोंडाहून उंच असला पाहिजे. नळींत घासून जोर कांहींसा कमी होतो, म्हणून धार सांठ्याइतकी उंच कधींच चढत नाहीं. आपल्या अंगणांतही गच्चीवरची टांकी हेंच काम करते. मात्र भोंकें फार किंवा मोठीं पाडलीं, तर धारा मलूल होतात.

पुण्याला उंचावरचें पाणी लाभलें तें कात्रजचें. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनीं तेथें तलाव बांधून जमिनीखालून पक्का नळ शहरांत आणिला. वाटेंत ठिकठिकाणीं उसासे ठेविले होते. तें पाणी शनवारवाड्यांत येई, तसेंच शहरांतील हौदांतही पडे. राजवाड्याची हौस व गोरगरिबांची घागर एकाच नळावर भरत असे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

पण ज्यांच्यासाठीं एवढा थाट केला, त्यांचें पुढें काय झालें? ते नाना फडणिसांच्या कडक देखरेखीखालीं वाढले. ऑक्टोबर १७९५ मध्यें, अवघ्या एकविसाव्या वर्षीं, ते वाड्याच्या वरच्या भागावरून खालीं पडले व दोन दिवसांनीं निवर्तले. त्यांनीं जाणूनबुजून उडी घेतली व ते कारंज्याच्या नळीवर पडून जबर जखमी झाले, असें इतिहासकार ग्रँट डफ लिहितो. तें कारंजें हजारीच होतें, असें पुण्यांत परंपरेनें सांगतात.

इ. स. १८२८ च्या आगींत वाड्याच्या लांकडी इमारती भस्म झाल्या. दगडी कमळ उरलें. तेव्हां श्रोतेहो, आपल्या अंगणांत नळी जोडाल, त्या दिवशीं आळींतल्या मुलांनाही बोलवा आणि घटकाभर कोणी कोणाला रागावूं नका. पेशव्यांच्या कारागिरांनीं धारा सोडिल्या. त्यांखालीं मोकळेपणीं भिजूं देणें हें मात्र वडील माणसांच्याच हातीं असतें.